डॉक्टर रॉबर्ट कॉख ह्यांचे चरित्र आणि सुजलेले मनगट

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या तीरावर, ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदर वसले आहे. २००२ साली तेथे महानगरपालिका झाली व लोहमार्गाच्या दोहों बाजूंस उंच इमारती उभ्या राहिल्या. तथापि समुद्राच्या दिशेने गेले म्हणजे राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही जुनी गावे अद्याप लागतात. मिठागरांत फावडे चालवून, शेतात राबून आणि होडीवर जाळे ओढून ह्या किनाऱ्यावरील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले पोट दोन हातांवर भरले आहे. ज्याचे हात चालतात त्याची चूल पेटते, असा तेथला हिशेब आहे.

अशा एखाद्या कष्टकऱ्याचे मनगट सुजू लागले म्हणजे प्रथम कोणी त्याची फारशी चिंता करीत नाही. जाळे ओढताना मुरगळले असेल, असे घरची माणसे म्हणतात. हळदीचा लेप होतो, तेल लावून चोळणे होते, हाडवैद्याकडे जाणे होते. ठणका फार नसतो, म्हणून दुकानातील गोळीवर दिवस निघतात. पुढे कोणी सुजेत सुई टोचतो. महिनाभर सूज उतरते आणि मग पूर्वीपेक्षा अधिक येते. सहा महिने, आठ महिने असेच जातात. बोटांना मुंग्या येतात, मूठ वळत नाही, वल्हे हातात राहत नाही. शेवटी एखादा विचारी डॉक्टर त्या सुजेतील मांसाचा बारीक तुकडा काढून तपासावयास पाठवितो, आणि हा क्षय आहे असे सांगतो. तेव्हा घरात सर्वांस आश्चर्य वाटते. कारण त्या मनुष्यास खोकला नाही, रक्त पडत नाही, आणि क्षय म्हटला की तो छातीचा, एवढेच सर्वांस ठाऊक असते.

छातीचा क्षय, मानेच्या गंडमाळा आणि सांध्याची ही मंद सूज, हा सर्व एकाच शत्रूचा उद्योग आहे, हे ज्या पुरुषाने डोळ्यांस दिसेल अशा रीतीने सिद्ध केले, त्याचे नाव डॉक्टर रॉबर्ट कॉख. त्यांस वारून शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या चरित्रात धीराचे मोठे यश आहे, आणि उतावळेपणाचे मोठे अपयशही आहे. सुजलेला हात घेऊन बसलेल्या मनुष्यास व त्याच्या शेजाऱ्यांस ह्या दोहोंपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून ते चरित्र आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

बालपण व शिक्षण

जर्मनी देशात हार्त्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील क्लाउस्टाल ह्या खाणींच्या गावी ११ डिसेंबर १८४३ रोजी रॉबर्ट कॉख ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील खाणखात्यात नोकरीस होते. घरात मुले पुष्कळ, मिळकत बेताची. रॉबर्टास लहानपणापासून दगड, किडे, शेवाळ गोळा करून न्याहाळण्याचा नाद होता. दूरदेशी प्रवास करावा ही त्यांच्या मनातील मोठी इच्छा होती. ती पुढे फार निराळ्या रीतीने पूर्ण झाली.

१८६२ साली ते गॉटिंगेन येथील विद्यापीठात गेले. तेथे हेन्ले नावाचे एक विद्वान अध्यापक होते. संसर्गाचे रोग सूक्ष्म सजीव प्राण्यांपासून होत असावेत, असे मत ह्या गृहस्थांनी १८४० सालीच प्रसिद्ध केले होते; परंतु त्यास पुरावा नव्हता. मत निराळे आणि पुरावा निराळा, हा भेद तरुण कॉख ह्यांच्या मनात बहुधा तेथेच ठसला असावा. १८६६ साली ते डॉक्टर झाले, पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि काही वर्षे ते गावोगावी लहानसहान जागांवर पोटापाण्यासाठी फिरत राहिले. १८७० साली फ्रान्स व जर्मनी ह्यांत युद्ध पेटले, तेव्हा ते आपण होऊन सैन्यात डॉक्टर म्हणून गेले.

खेड्यातील डॉक्टर

१८७२ साली त्यांस व्होलस्टाइन ह्या आडबाजूच्या गावी सरकारी डॉक्टराची जागा मिळाली. हे गाव आता पोलंड देशात आहे. तेथे विद्यापीठ नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, सल्ला देणारा कोणी विद्वान नव्हता. रोग्यांस तपासण्याच्या खोलीत एक पडदा लावून कॉख ह्यांनी मागे आपली लहानशी कार्यशाळा केली. पत्नीने दिलेले सूक्ष्मदर्शक यंत्र हेच त्यांचे मुख्य भांडवल.

त्या प्रांतात मेंढरे व गुरे ह्यांस फाशीचा रोग, ज्यास कोठे कोठे काळपुळी म्हणतात, तो फार होत असे. सकाळी धडधाकट असलेले जनावर संध्याकाळी मरून पडे. काही कुरणे तर शापित समजली जात. वर्षानुवर्षे तेथे जनावर सोडले की ते दगावे. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काठ्यांसारखे सूक्ष्म जंतू दिसतात, हे पूर्वी इतरांनी पाहिले होते. पण ते रोगाचे कारण आहेत की केवळ सोबती आहेत, हे कोणास सांगता येईना. कॉख ह्यांनी लाकडाच्या बारीक काडीने ते रक्त उंदरांस टोचले. मग त्या जंतूंस शरीराबाहेर वाढवून, पिढीमागून पिढी निर्माण करून, शेवटच्या पिढीनेही तोच रोग होतो हे पाहिले. शिवाय त्यांच्या दृष्टीस असे पडले की हे जंतू कठीण कवचाच्या बीजांचे रूप धारण करतात आणि ती बीजे जमिनीत दीर्घकाळ जिवंत राहतात. शापित कुरणाचे कोडे त्याने सुटले. पुरलेल्या मढ्यांतील बीजांनीच ती भूमी दूषित झाली होती.

१८७६ साली ते ब्रेसलाऊ येथील अध्यापक कोन ह्यांच्याकडे आपली सामग्री घेऊन गेले आणि विद्वानांसमक्ष सर्व प्रयोग करून दाखविले. खेड्यातील अनोळखी डॉक्टराचे म्हणणे त्या दिवसापासून सर्वत्र मान्य झाले. चार वर्षांनी, १८८० साली, सरकारने त्यांस बर्लिन येथील आरोग्यखात्यात बोलाविले.

एकच शत्रू

तेथे कॉख ह्यांनी क्षयरोगास हात घातला. त्या काळी युरोपखंडात सात मृत्यूंत एक मृत्यू क्षयाने होई, अशी गणना होती. हा रोग आनुवंशिक आहे असे कोणी म्हणत, अशक्तपणाचा परिणाम आहे असे कोणी म्हणत. १८६५ साली व्हिलमँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने क्षयी मनुष्याच्या शरीरातील द्रव्य सशांस टोचून तो रोग संसर्गाचा आहे असे दाखविले होते. पण त्याचे फार थोड्यांनी ऐकले. संसर्ग करणारा जंतू मात्र कोणास सापडला नव्हता.

१८८१ सालच्या ऑगस्ट महिन्यात कॉख ह्यांनी काम आरंभिले. क्षयाचा जंतू फार लहान आणि त्याच्या अंगावर मेणासारखे आवरण, म्हणून साधा रंग त्यास लागत नाही. त्यांनी निळा रंग तयार करून त्यात क्षारद्रव्य मिसळले व मग तपकिरी रंग दिला. तेव्हा आजूबाजूचे सर्व मांस तपकिरी झाले आणि त्यात बारीक, किंचित वाकड्या निळ्या काड्या प्रगट झाल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गोठविलेल्या रक्तजलावर त्यांनी ते जंतू पेरले. इतर जंतू एक दोन दिवसांत वाढलेले दिसतात. येथे आठवडा गेला तरी काही दिसेना. दुसरा कोणी नळ्या फेकून देता. ते वाट पाहत राहिले. दुसऱ्या आठवड्यात कोरड्या खपल्यांसारखे बारीक ठिपके उगवले. ते त्यांनी गिनीपिग नावाच्या लहान प्राण्यांस टोचले, आणि त्या प्राण्यांस क्षय झाला.

ह्या शोधाचा आमच्या आजच्या विषयाशी जो संबंध आहे तो असा. कॉख ह्यांनी केवळ फुप्फुसे तपासली नाहीत. गंडमाळांच्या गाठी आणि सुजून पिलपिलीत झालेल्या सांध्यांतील मांस ह्यांतही त्यांनी त्या निळ्या काड्यांचा शोध केला, आणि तेथेही त्या सापडल्या. जे रोग वैद्यांनी निरनिराळ्या नावांनी निरनिराळे मानले होते, ते एकाच मुळाच्या फांद्या ठरले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथील एका लहानशा सभेत त्यांनी हे सर्व वाचून दाखविले. ते फर्डे वक्ते नव्हते. थांबत थांबत बोलत. सभा संपली तेव्हा टाळी वाजली नाही की कोणी वादही केला नाही, कारण खंडन करण्यासारखे काही उरलेच नव्हते. तोच दिवस आता सर्व जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

तथापि शत्रू ओळखणे एक आणि त्यास मारणे दुसरे. आमच्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या जोशी घराण्याची कन्या, डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरीची पदवी मिळवून परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानेच पुणे येथे वारल्या. त्यांचे वय बावीस वर्षांचेही नव्हते. कॉख ह्यांच्या शोधास तेव्हा पाच वर्षे होत आली होती. परंतु रोगाचे कारण जाणणाऱ्या डॉक्टरांजवळ औषध नव्हते.

हिंदुस्थानात आगमन

१८८३ साली मिसर देशात पटकीचा कहर झाला, तेव्हा कॉख तेथे गेले आणि तेथून डिसेंबर महिन्यात कलकत्त्यास आले. कलकत्त्याच्या एका वस्तीत एका तळ्याभोवती पटकीने माणसे मरत होती. त्या तळ्यातच लोक अंग धूत, रोग्यांची वस्त्रे धूत आणि तेच पाणी पीत. कॉख ह्यांस रोग्यांच्या आतड्यांत सापडलेले स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू त्या तळ्याच्या पाण्यातही सापडले. पाण्यावाटे पटकी पसरते ह्या गोष्टीस असा प्रत्यक्ष आधार मिळाला. विहिरीजवळ कपडे धुण्याची मनाई आमच्या गावांत आजही करावी लागते, तिचे एक कारण त्या तळ्यात आहे.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कॉख तेव्हा दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडी रोगाचा विचार करीत होते. ते काम संपवून १८९७ साली ते जर्मन सरकारच्या प्लेग-मंडळाबरोबर काम करण्यासाठी मुंबईस आले. लहानपणी ज्या मुलास दूरदेश पाहण्याची हौस होती, त्यास देश पाहावयास मिळाले, परंतु प्रत्येक ठिकाणी मरणाच्या मागोमाग जाऊन.

मोठ्या माणसाची मोठी चूक

आता त्यांच्या आयुष्यातील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे; तो झाकून ठेविला तर चरित्र खोटे ठरेल.

१८९० साली बर्लिन येथे सर्व देशांतील डॉक्टरांची परिषद भरली. तेथे कॉख ह्यांनी क्षयाच्या जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य आपणास सापडले आहे असे सूचित केले, आणि नोव्हेंबर महिन्यात त्याचा मनुष्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. त्या द्रव्यास पुढे ट्यूबरक्युलिन हे नाव पडले. ते कशाचे केले आहे हे मात्र त्यांनी प्रथम गुप्त ठेविले. ज्या पुरुषाने प्रत्येक गोष्ट उघड करून दाखविली होती, त्याने येथे पुराव्याऐवजी आपल्या नावावर विश्वास ठेवावयास सांगितले. लोकांनी तो ठेविला. देशोदेशींचे क्षयी बर्लिनकडे लोटले. उतारशाळांत जागा उरली नाही. मरणोन्मुख माणसे आगगाडीतून उतरू लागली.

थोड्याच महिन्यांत भ्रम उडाला. पुष्कळांस गुण आला नाही, काहींचा रोग बळावला, काही मेले. फिरखो नावाच्या थोर डॉक्टराने टोचून घेतलेल्या मृतांची शरीरे उघडून आत नवी क्षयाची दाणेदार वाढ दाखविली. १८९१ च्या जानेवारीत कॉख ह्यांस आपले गुपित सांगावे लागले. ते द्रव्य म्हणजे क्षयाच्या जंतूंचाच ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क होता. त्यांच्या कीर्तीस डाग लागला. त्याच सुमारास त्यांचे गृहसौख्यही भंगले, आणि १८९३ साली पहिला विवाह मोडून त्यांनी दुसरा केला.

तथापि त्या अपयशातूनही एक उपयोगी गोष्ट हाती राहिली. हे द्रव्य टोचले असता निरोगी मनुष्यास फारसे काही होत नसे. पण ज्याच्या सांध्यात किंवा गाठीत क्षय असे त्यास ताप भरे आणि तोच सांधा अधिक सुजे, हे कॉख ह्यांनी स्वतः टिपले होते. जे औषध म्हणून खोटे ठरले, ते ओळखण्याची खूण म्हणून खरे ठरले. पिर्के आणि मांतू ह्या डॉक्टरांनी पुढे १९०७ व १९०८ च्या सुमारास त्याची अल्प मात्रा त्वचेस देण्याची निर्धोक रीत बसविली. दवाखान्यात मुलांच्या हातावर सुई टोचून दोन तीन दिवसांनी फोड मोजतात, ती मांतूची परीक्षा त्या जुन्या द्रव्याच्याच वंशातील आहे.

१९०१ साली लंडन येथे त्यांच्या हातून दुसरी चूक झाली. गुरांच्या क्षयापासून मनुष्यास फारसे भय नाही, असे मत त्यांनी दिले. इंग्लंडात पुढे दहा वर्षे चौकशी होऊन ते मत टिकले नाही. रोगी गाईच्या कच्च्या दुधातून मुलांस गाठींचा व हाडांचा क्षय होतो हे सिद्ध झाले. म्हणून दूध नीट उकळून मगच मुलांस द्यावे. १९०६ व १९०७ साली पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर त्यांनी एक तीव्र औषध मोठ्या मात्रेने दिले, तेव्हा काही रोग्यांची दृष्टी गेली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९०५ साली क्षयावरील कार्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयाच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा बर्लिन येथील त्यांच्याच संस्थेत ठेविली आहे.

त्यांच्या मागून

क्षयाचे खरे औषध त्यांच्या मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांनी हाती आले. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९५२ साली आयसोनायझिड आले. पुढे रिफाम्पिसिन आले. त्यापूर्वी क्षयाने ग्रासलेला हात महिनेच्या महिने प्लास्टरमध्ये ठेवीत, उन्हात बसवीत, आणि काही न चालल्यास कापून टाकीत. १९५९ साली मद्रास येथील संशोधनकेंद्राने आणखी एक गोष्ट दाखविली. फुप्फुसाच्या क्षयाचा गरीब रोगी आपल्या घरी राहून नियमाने औषध घेईल तर आरोग्यधामात राहणाऱ्याइतकाच बरा होतो. आमच्या देशातून निघालेले हे ज्ञान सर्व जगाने स्वीकारले.

आता सुजलेल्या मनगटाकडे वळू. क्षयाचा जंतू श्वासावाटे प्रथम फुप्फुसात जातो आणि तेथून रक्तावाटे हाडांत व सांध्यांत उतरतो. छातीतील जखम कित्येकदा आपोआप भरून गेलेली असते, म्हणून खोकला नसतो. पाठीच्या कण्यात तो अधिक आढळतो, मग खुब्यात व गुडघ्यात. मनगटात व हातात क्वचित. क्वचित असल्यामुळेच तो ओळखावयास उशीर होतो.

त्याच्या खुणा अशा. सूज हळूहळू येते, हातास पिलपिलीत लागते, फार तापलेली वा लाल नसते. मनगट वळविताना दुखते व मुठीचे बळ जाते. कधी रोग हाडात नसून बोटे हलविणाऱ्या कंडरांच्या वेष्टणात असतो. तेव्हा मनगटाच्या घडीच्या वर एक आणि तळहाताकडे एक असे दोन फुगे दिसतात, आणि एक दाबला असता दुसरा फुगतो. आत तांदळाच्या कण्यांसारखे दाणे असतात, आणि नस दबल्यामुळे अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात. लहान मुलांत एखादे बोट मध्यभागी फुगून चातीसारखे दिसते. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही चिन्हे असतील किंवा नसतील. ती नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये.

येथे कॉख ह्यांचा पहिला धडा लागू पडतो: पुराव्यावाचून निर्णय नाही. अशीच सूज संधिवाताने येते, दुसऱ्या जंतूंनी येते. आमच्या कोळी बांधवांनी तर विशेष ध्यानात ठेवावे की माशाचा काटा अथवा पाण्यातील जखम ह्यांवाटे क्षयाच्या जंतूचा एक चुलत भाऊ हातात शिरतो व तशीच सूज आणतो. त्याचा उपचार निराळा आहे. क्ष-किरणांच्या चित्रात प्रथम काहीच दिसत नाही. पुढे हाड विरळ होते, सांध्यातील फट कमी होते व हाड कुरतडल्यासारखे दिसते. मांतूची परीक्षा जंतूशी पूर्वी गाठ पडल्याचे सांगते, आणि आमच्या देशात तशी गाठ पुष्कळ निरोग्यांचीही पडलेली असते. म्हणून छातीचे चित्र आणि रक्ताची तपासणी करून शेवटी सुजेतील मांसाचा तुकडा अथवा पाणी काढून तपासावे लागते. सांध्यात जंतू थोडे असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली न दिसले तरी सीबीनॅट नावाच्या यंत्राने काही तासांत सापडू शकतात, आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही ते यंत्र सांगते. जंतू वाढवून पाहण्यास आजही कित्येक आठवडे लागतात. कॉख ह्यांस जी वाट पाहावी लागली ती आम्हांसही चुकलेली नाही.

तुकडा तपासणीस नेण्याचे काम बहुधा नातलगांवर येते, म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. फॉर्मालिन नावाच्या औषधात टाकलेल्या तुकड्यातील जंतू मरतात व मग ते वाढविता येत नाहीत. त्यासाठी दुसरा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये निराळ्या बाटलीत द्यावा लागतो. दोन बाटल्या आहेत ना, हे डॉक्टरास नम्रपणे विचारण्यात काही उणेपणा नाही.

दुसरा धडा उतावळेपणाचा. निदान होण्यापूर्वी सुजेत स्टेरॉइडची सुई घेऊ नये. तिने सूज तात्पुरती उतरते आणि आतला क्षय मोकळा सुटतो. त्याचप्रमाणे सुजलेले मनगट चोळू नये, ओढू नये.

निदान झाल्यावर औषधांचा मार्ग सरळ पण लांब आहे. पहिले दोन महिने चार औषधे, नंतर साधारण दहा महिने तीन औषधे, असे वर्षभर रोज घ्यावयाचे. गरजेप्रमाणे डॉक्टर मुदत वाढवितात. लघवी नारिंगी होते, त्यास भिऊ नये. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा दृष्टी मंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दारू सर्वस्वी वर्ज्य करावी. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपये सरकारकडून देण्याचे ठरले आहे. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी ह्यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे. खाडीकाठच्या गावांतील लोकांस चौकशी करण्यास ते जवळचे ठिकाण होय.

औषधांबरोबर मनगटास आधारपट्टी बांधतात. हात किंचित वर उचललेला राहील अशी ती असावी, कारण पुढेमागे सांधा ताठ झालाच तर त्या स्थितीत मूठ वळते व काम करता येते. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवीत राहावी. दुखणे कमी झाले म्हणजे डॉक्टर सांगतील तसा मनगटाचाही व्यायाम करावा. बहुतेकांस शस्त्रक्रिया लागत नाही. पू साठला, नस दबली, किंवा औषधांनी गुण येईना, तर रोगी पडदा काढून टाकतात. सांधा अगदीच गेला असेल तर तो पक्का जोडून देतात, म्हणजे दुखणे थांबते आणि हातात बळ येते.

आता गावोगाव फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस थोडेसे. डॉक्टराच्या आधी तुम्ही त्या घरी पोहोचता. ज्याची सूज तीन आठवड्यांत उतरली नाही, त्यास दवाखान्यात घेऊन जा. छाती निर्दोष असेल तर हाताच्या क्षयापासून घरातील कोणास लागण होत नाही. त्याचे ताट वेगळे करणे, मुलांस त्याच्यापासून दूर ठेवणे, मुलीचे लग्न मोडणे हे सर्व अज्ञान आहे, आणि ते दूर करणे तुमच्या हाती आहे. तिसऱ्या चौथ्या महिन्यात सूज उतरते व रोग्यास आपण बरे झालो असे वाटते. औषध सोडण्याचा मोह तेव्हाच होतो, आणि सोडल्यास रोग अधिक हट्टी होऊन परत येतो. त्या महिन्यांत त्याच्या घरी तुमची फेरी चुकू नये.

नळीत आठवडाभर काही उगवले नाही तरी जो पुरुष वाट पाहत राहिला, त्यास सत्य सापडले. आणि तोच पुरुष पुढे घाईने बोलला, तेव्हा शेकडो आशाळभूत माणसे फसली. सुजलेल्या मनगटाचा मालक ह्यांपैकी कोणत्या कॉख ह्यांच्या मार्गाने जातो, त्यावर पुढल्या हंगामात त्याच्या हातात जाळे असेल की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून आहे.